शिवराक (शाकाहारी) ताट: सांगलीच्या काकूंसाठी (प्रकल्प नोंदी)

१६ मार्च २०२५, रविवार

लेकीचा पुण्याहून फोन आला. सांगलीच्या काकू आणि काका एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मालवणला येणार आहेत. किल्ला, तारकर्ली, कुणकेश्वर करतील आणि एक रात्रीचं जेवण आपल्याकडे.

या वहीत एरवी कार्याचे हिशेब असतात. हे जेवणही मला कार्याइतकंच मोठं आहे, म्हणून नवीन पान घेतलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा लेकीच्या वसतिगृहात पाणी शिरलं होतं. मैत्रिणीच्या आईनं, म्हणजे या काकूंनी, तिला घरी नेलं. पूर ओसरला तरी परत पाठवलं नाही. पदवी होईपर्यंत पोर त्यांच्याच ताटात जेवली. ती पुरात अडकलेली असताना मी इथे बसून रडत होते आणि फोनवर काकू सांगायच्या, "वहिनी, काळजी करू नका, आत्ताच गरम भाकरी खाऊन झोपलीय." ते मी विसरलेले नाही. लेकीच्या काकू म्हणून मीही इथे काकूच लिहिते.

अडचण अशी की काकू जैन आहेत आणि आमचं घर मासळीचं. ह्यांना वाटलं जैन म्हणजे गुजराती, ढोकळा-खाकरा मागवू. मी म्हटलं, सांगली-कोल्हापूरकडचे हे जैन पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे, बरेचसे शेती करणारे. कर्मवीर भाऊराव पाटील त्याच समाजातले. त्यांचं रोजचं जेवण भाकरी-आमटीचं असतं.

मग ह्यांनी विचारलं, "मालवणात येऊन पाहुणा मासे न खाता गेला, तर आपण त्याला आपलं असं दिलं काय?" प्रश्न खरा आहे. उत्तर सासूबाईंनी दिलं: "सोमवारी आपण शिवराकच जेवतंव मां? मगे भितंस कित्याक?"

तिथेच दिशा ठरली. मासे काढून उरेल ते ताट वाढायचं नाही. आमच्या किनाऱ्याचं जे मुळातच शिवराक आहे, सोमवारचं, गणपतीतलं, जत्रेतलं, त्यातूनच निवडायचं. पनीर आणायचं नाही.

१७ मार्च, सोमवार

घरचा सोमवार शिवराक, म्हणून चाचण्या सोमवारीच करायच्या.

सकाळी काकूंनाच फोन केला. त्या म्हणाल्या, "कशाला एवढं? आमटी-भात टाका, बास." पाहुणा दुसरं काय बोलणार? म्हणून लेकीला पुन्हा फोन लावला. त्या घरात ती तीन वर्षं जेवलीय, तिलाच नेमकं माहीत. तिनं सांगितलं तसं लिहून घेतलं.

कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण काहीच नाही. ओलं आलं आणि ओली हळदही नाही, कारण तीही जमिनीखालचीच. सुंठ आणि हळदपूड चालते. वांगं नाही. कोबी-फ्लॉवर नाही, त्यात बारीक किडे राहतात म्हणून. मध नाही. कडधान्य भिजवलेलं चालतं, मोड आलेलं नाही. रात्रभर आंबवलेलं पीठ नाही. मुरलेलं लोणचं नाही, त्या दिवशी केलेलं चालतं. दही आणि डाळ-कडधान्य एका जेवणात नाही, त्याला त्या द्विदल म्हणतात. पाणी गाळून उकळलेलं.

लेकीनं शेवटी सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं: "आई, हा त्यांचा नियम आहे. त्यांच्याच गल्लीतले दुसरे जैन कांदा खातात. धर्म बघून ठरवायचं नाही, माणसाला विचारायचं." वहीत अधोरेखित केलं.

यादी वाचून सासूबाईंबरोबर बसले. आंबोळी गेली, पीठ रात्रभर आंबतं. खापरोळी त्याच कारणानं गेली. खतखतं गेलं, त्यात निम्मे कंदच. वडे काळ्या वाटाण्यांबरोबर हवेतच असं वाटत होतं, पण आमच्याकडे वड्यांच्या पिठाच्या गोळ्यात कांदा ठेवून पीठ फुगवतात आणि ते तासन्‌तास मुरतं. तेही खोडले. पानभर खोडाखोड बघून जीव थोडासा झाला.

पण एक गोष्ट लक्षात आली. आमची सोलकढी नारळाच्या दुधाची. शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा, रसही नारळाचाच. दही-ताक लागतच नाही, म्हणजे द्विदलाचा प्रश्नच येत नाही. देशावरच्या ताटाला ताकाशिवाय जेवण पुरं करणं जड गेलं असतं. आम्हाला नारळानं तारलं.

दुपारी पहिली चाचणी, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, कांदा-लसणाशिवाय. फसलं. रस्सा पाण्यासारखा राहिला आणि वाटाणे कडक. वाटाण्यांचं कारण माझ्याच हातचं: अर्धवट शिजलेले असताना आमसुलं टाकली. आंबट पडलं की कडधान्य पुढे मऊ होत नाही. रस्सा मात्र कांद्यावाचून उभा राहिला नाही. भाजका कांदा नुसती चव देत नाही, तो गोडसरपणा देतो आणि वाटपाला अंग देतो.

२१ मार्च, शुक्रवार

जेवणाची वेळ. काकू आणि काका सूर्यास्तानंतर खात नाहीत. तेवढंच नाही, सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी, ताटावरून उठतात. दिनदर्शिकेत सूर्यास्त छापलेला असतो, पण तो मुंबईचा. आपण खाली दक्षिणेला, इथे थोडा फरक पडतो. चिवल्याच्या किनाऱ्यावर तीन संध्याकाळी उभी राहून घड्याळ बघितलं. पाण्याला टेकलेलं लाल बिंब पूर्ण आत गेलं तेव्हा ६ वाजून ४७-४८ मिनिटं झाली होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मिनिटभर पुढे जाईल. म्हणजे ६.५० धरायचं, त्यातून ४८ वजा. ६ वाजता हात धुवून झालेले हवेत. सावकाश जेवायला पाऊण तास. तर ५.१५ला पानं मांडलेली हवीत.

रात्रीचं जेवण म्हणून ठरलेलं हे जेवण प्रत्यक्षात आमच्या चहाच्या वेळेचं आहे. घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवलं. सगळे त्यांच्याबरोबरच जेवणार. त्यांना एकटं पानावर बसवून आम्ही बघत उभं राहायचं, हे मला पटत नाही.

२४ मार्च, सोमवार

सांबारं, दुसरी चाचणी. ही नोंद सविस्तर करते, कारण इथेच गाठ सुटली.

वाटाणे सकाळी ७ला कढत पाण्यात भिजवले. रात्री भिजवले तर या उकाड्यात सकाळपर्यंत टोकं फुटायला लागतात आणि मग ते मोडाचे होतात. भिजवण्याआधी अंगणात उजेडात सुपात घेऊन निवडले. भुंगा लागलेला एकेक दाणा बाजूला काढला. आमच्यासाठी निवडते तेव्हा मी तितकी बारकाईनं बघत नाही. काकूंच्या दृष्टीनं तो किडा नुसती घाण नाही, तो जीव आहे. दुपारी २ला कुकरला लावले, नुसतं मीठ आणि हळद घालून. आमसूल शेवटी.

वाटपाला नारळाचं ओलं खोबरं आणि अर्धी वाटी सुकं खोबरं वेगवेगळं भाजलं. ओलं मंद आचेवर, लोखंडी कढईत, हात न थांबवता. पाच मिनिटांत पांढऱ्याचं पिवळसर होतं आणि माणसाला वाटतं, झालं. नाही होत. आणखी पंधरा-वीस मिनिटं हलवत राहिलं की खोबरं स्वतःचं तेल सोडतं, कण सुटे होतात, रंग विटकरी होतो आणि वासात काजू भाजल्यासारखा गोडवा येतो. कांद्याचा गोडवा मी बाहेर शोधत होते, तो खोबऱ्यातच होता. मी आजवर घाईत भाजत होते, इतकंच. त्यात धणे, बडीशेप, खसखस, मिरी, लवंग, बेडगी मिरच्या, सगळं भाजून. आणि दाटपणासाठी शिजलेल्या वाटाण्यांतले मूठभर वाटपातच वाटले.

सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं. काही बोलल्या नाहीत, भात मागितला. आमच्याकडे याला पसंती म्हणतात.

२९ मार्च, शनिवार

जेवण ५ एप्रिल, शनिवारचं ठरलं होतं. आज उद्याच्या पाडव्यासाठी दिनदर्शिका उघडली आणि नजर पुढे गेली: ५ तारखेला अष्टमी. काहीतरी ऐकल्यासारखं आठवलं म्हणून लेकीला विचारलं. ती एकदम ओरडलीच, "अगं, अष्टमी-चतुर्दशीला काकू हिरवी भाजी खात नाहीत!" म्हणजे कुयरी (कोवळा फणस), काजूगर, काकडी, कैरी, कोथिंबीर, सगळंच गेलं असतं. त्यांनी काही न बोलता वरण-भात खाल्ला असता आणि मला कळलंही नसतं.

लगेच फोन केला. ६ तारीख, रविवार ठरला. नवमी, त्यातून रामनवमी, म्हणजे आमच्या घरातही त्या दिवशी मासळी नसतेच.

पाहुण्याला तारीख विचारताना सुट्टी आणि गाडी बघतो तशी तिथीही बघायला हवी.

३१ मार्च, सोमवार

घावणे. आंबोळीच्या जागी हेच. तांदूळ सकाळी भिजवून चार तासांनी वाटायचे आणि लगेच घालायचे, आंबवणं नाही.

तव्याचा विचार मात्र आज आला, तोही तवा हातात घेतल्यावर. आमच्या बिडाच्या तव्यावर बांगडा तळला जातो. शिवाय दर घावण्याआधी तव्याला तेल लावतो ते अर्ध्या कांद्यानं, काट्याला टोचून. इतक्या वर्षांचा कांदा त्या बिडात मुरलेला आहे. घासून जाणारा नाही. हे फोनवर काकूंना सांगितलं असतं तर त्या "चालतंय हो" म्हणाल्या असत्या. मला चाललं नसतं.

संध्याकाळी बाजारातून नवा बिडाचा तवा आणला. पहिले चार घावणे चिकटून फाटले. नवा तवा मुरवायला सगळे कांदाच परततात. मी खोबरेल लावून धूर येईपर्यंत तापवला, थंड केला, पुसला, पुन्हा तसंच, तीनदा. मग खोबऱ्याचा कीस त्यावर काळपट होईस्तोवर परतून टाकून दिला. हे रोज करायचं. तेल लावायला नारळाच्या शेंडीची कुंची बांधली सासूबाईंनी. त्यांच्या माहेरी अशीच असायची म्हणे.

२ एप्रिल, बुधवार

स्वयंपाकघर.

ज्या आडाळीवर मासे कापतो तिच्यावरच नारळ खोवतो. ती बाद. शेजारच्या आजी शुद्ध शाकाहारी, त्यांच्याकडून आडाळी, परात आणि दोन पातेली मागून आणली. आजींनी कारण ऐकून स्वतःहून पाटा-वरवंटाही देऊ केला. मिक्सरचं नवीन भांडं घेतलंय, पण सोलकढीचं खोबरं पाट्यावरचंच करणार.

मालवणी मसाल्याची बरणी घरात आहे, पण तिच्यात वर्षभर मासळीच्या हाताचा चमचा गेलाय. थोडा नवीन मसाला भाजून कुटणार. तिरफळांच्या डब्याचं झाकण उघडलं तर सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा वास. शेजारीच ठेवलेला असतो. तिरफळं या जेवणात नकोत. हिंग, मीठ, मोहरी, हळद, नवीन पुडे. विकतचे पापड बघितले तर दोन पाकिटांवर लसूण लिहिलेला. घरचे तांदळाचे पापड आहेत, तेच तळू.

गच्चीवर सुकत घातलेली सुकी मासळी जावेकडे पोचवली. शुक्रवार संध्याकाळपासून घरात मासळी नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

ताट पक्कं करायला बसलो. माझी यादी लांबली होती: सांबारं, काजूगरांची उसळ, कुयरीची भाजी, वरण. काजूगरांची उसळ काढली. एका ताटात दोन वाटपाची कालवणं आली की दोन्हींची चव एकमेकींत बुडते. काजूगर कुयरीच्या भाजीतच घालायचे. आंब्याचं सासव मला फार हवं होतं, पण रायवळ आंबा पिकायला मे उजाडतो. हापूसचं करणं मला पटत नाही. गोडाला हापूसच्या फोडी ठेवाव्यात असं हे म्हणाले. ठेवू, पण गोड आपलं शिरवाळ्यांचंच.

ठरलं ते असं: घावणे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, काजूगर घालून कुयरीची भाजी, साधं वरण-भात-तूप, खोबरं-लिंबू घातलेली काकडीची कोशिंबीर, सकाळी केलेलं कैरीचं लोणचं, तांदळाचे पापड, सोलकढी, शिरवाळे आणि रस.

माणसं आठ. वाटाणे अर्धा किलो. घावण्यांना तांदूळ एक किलो. नारळ आठ: सांबाऱ्याला दोन, सोलकढीला दोन, रसाला तीन, भाजी-कोशिंबिरीला मिळून एक. काजूगर दोन शेकडा.

५ एप्रिल, शनिवार

लेक सकाळी पोचली. दोघींनी काजूगर सोलले. कढत पाण्यात टाकले की साल सुटते, पण टरफलाचा चीक कुठे राहिलेला असतो आणि बोटं जळतात. खोबरेल लावून बसलो. दोन शेकड्यांना सव्वा तास. लेक म्हणाली, काकू तिच्यासाठी अशाच बसून हरभऱ्याचे घाटे सोलायच्या.

सोलकढीची शेवटची चाचणी. लसणाशिवाय ती उघडी पडते, हे खरं. तिथे लसणाची नक्कल करायची नाही असं ठरवलं. खोबऱ्याबरोबर जिरं आणि एक हिरवी मिरची वाटली, पहिलं दाट दूध जास्त घेतलं, आमसुलं तासभर आधी भिजवली. वरून कोथिंबीर, पान-पान बघून धुतलेली. हिंग घालून बघितला, काढून टाकला, जड वाटला.

नवा तवा आज सुटला. घावण्याला जाळी पडली.

६ एप्रिल, रविवार

सकाळी ७: वाटाणे कढत पाण्यात. विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळून उकळलं, नव्या कळशीत भरलं.

१०: कैरीचं लोणचं. कुयरी चिरली, हाताला तेल लावून.

१: खोबरं भाजणं. शेगडीशी पंचवीस मिनिटं, कुणालाही हाक मारू दिली नाही.

३.३०: शिरवाळे. उकडीचे गोळे पाण्यात उकळून वर तरंगायला लागले की तसेच वाफाळते साच्यात घालायचे. थंड झाले की साचा दाबत नाही. ह्यांनी दोन्ही हातांनी दांडा दाबला, मी खाली केळीच्या पानावर गोल फिरवत शेवया धरल्या. एक घाणा झाला की लेक पुढचा गोळा झाऱ्यानं आणून देई. पंधरा-सोळा घाणे. ह्यांचा सदरा भिजला, पण गोळा गार होऊ दिला नाही.

४.५०: पाहुणे आले, सांगितल्या वेळेच्या आधीच. काकूंनी पाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "वहिनी, मी काय करू?" मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही, कुंची हातात घेतली. मी पीठ घालायचं, त्यांनी त्याआधी तवा फिरवायचा. तव्याकडे बघून म्हणाल्या, "नवा दिसतोय." मी हो म्हटलं. त्या गप्प झाल्या आणि पुढचे दोन घावणे आम्ही न बोलता काढले.

५.१५: पानं मांडली. काकांनी पहिला घास घेण्याआधी काही विचारलं नाही. मला वाटलं होतं विचारतील आणि मी एकेक सांगेन. लेकीनं आधीच फोनवर सांगितलं असावं, "निवांत जेवा" म्हणून. सांबारं त्यांनी दोनदा घेतलं. "यात कांदा नाही?" एवढंच एकदा, कौतुकानं. कुयरीची भाजी काकूंना मटणासारखी दिसते म्हणून आधी संकोच वाटला, हे मला सुचलंच नव्हतं. लेकीनं फणसाचा काटेरी तुकडा आणून दाखवला, मग त्यांनी घेतली. पुढच्या वेळी फोडी इतक्या मोठ्या ठेवायच्या नाहीत, भाजी अजून कोचवायची.

सोलकढी काकांना उमजली नाही. अर्धी वाटी राहिली. ती त्यांनी सावकाश का होईना संपवली, कारण पानात टाकायचं नाही. मी आधीच थोडी वाढायला हवी होती.

शिरवाळ्यांच्या रसात काकू बोटं चाटत म्हणाल्या, "हे आमच्या शेवयांच्या खिरीचं माहेर दिसतंय."

५.५५: काका उठले. उकळलेलं पाणी प्यायले.

सूर्यास्ताला सगळे चिवल्यावर गेलो. सूर्य बुडाला तशी काकूंनी लेकीचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. मी दोन पावलं मागेच राहिले.

७ एप्रिल, सोमवार

पाहुणे सकाळी कुणकेश्वरला गेले. काकूंना हव्या होत्या म्हणून सासूबाईंनी दोन कुंच्या बांधून दिल्या, आणि मी खोबरं किती भाजायचं ते कागदावर लिहून दिलं: विटकरी रंग, तेल सुटेपर्यंत.

आजींची आडाळी, परात, पातेली, पाटा परत. त्यांच्या परातीतून शिरवाळे पाठवले.

उरलं: सांबारं दोन वाट्या, घावण्यांचं पीठ थोडं. जावेकडून सुकी मासळी आणायचीय, पण उद्या. आज सोमवार, उरलेल्या पिठाचे घावणे नव्या तव्यावर घातले. लेकीनं तव्याच्या कडीला पांढरा दोरा बांधला, म्हणजे चुकून कुणी त्यावर बांगडा टाकणार नाही, आणि तो वरच्या फळीवर वेगळा ठेवला.